शेवटच्या पानापर्यंत गप्प

सुशीला गेली तेव्हा माझी वाचायची थोडीच पानं राहिली होती. वॉचमन दारात येऊन म्हणाला, "माँजी, ऊपरवाली आंटी नहीं रही." मी म्हटलं, "कल तो आयी थी." हातातलं पुस्तक पालथं ठेवलं आणि वर गेले. आधी राग आला. रडू नंतर.

आम्ही दोघी मुंबई सोडून बेव्हर्ली पार्क नावाच्या वसाहतीत आलो, आपापल्या मुलांनी इथे ब्लॉक घेतले म्हणून. ती बँकेतून रिटायर झालेली, बी.ए.; मी चौथी. ओळख झाली स्टेशनजवळच्या लायब्ररीत. मी लोणच्यांचं पुस्तक चाळत होते. ती म्हणाली, "ह्या वयात नवीन काय मुरवणार? हे न्या," आणि कुणा मोठ्या अधिकाऱ्याचं आत्मचरित्र हातात दिलं. कादंबऱ्या ती वाचत नसे. "खोटं बघायला घरात टीव्ही आहे," म्हणायची.

तेव्हापासून एकच पुस्तक दोघींत. ती भराभरा संपवायची, मी बोट ठेवून वाचते. नियम एकच: मी शेवटचं पान उलटेपर्यंत तिने त्यावर एक शब्द बोलायचा नाही. रोज चारला खाली यायची, स्वयंपाकघराच्या दाराशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायची. "शालनताई, कुठवर?" बोलायला जीव तडफडायचा तिचा. पण पाळलं.

मग भांडण. अधिकाऱ्याबद्दल मी म्हटलं, "अर्धं पुस्तक झालं तरी बायकोचं नाव नाही. ह्याचा डबा काय सरकार भरत होतं?" ती म्हणाली, "अगं, ते कामावरचं पुस्तक आहे." हिमालयातल्या प्रवासाचं मला आवडलं, तर तिला नाही. "डोंगर दिसला की ह्याला देव दिसतो. पाय सुजले ते मात्र एका ओळीत." मधमाश्यांच्या पुस्तकावरून तर आमचं बोलणंच बंद झालं होतं.

शेवटचं पुस्तक मिठावरचं. खिडकीतून मिठागरं दिसतात, म्हणून मीच निवडलं. आदल्या दिवशी ती स्टुलावर बसून गालात हसत होती. "लवकर वाच गं. ह्या वेळी तुला सोडत नाही."

तेरावं झाल्यावर संपवलं. तिने कुठे खूण केली असेल म्हणून पानं पुन्हा चाळली. काही नाही. पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्यांना ती शिव्याच घालायची. तिच्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "काकू, आम्हाला कुठे पुस्तकातलं सांगायची ती?"

पुस्तक चांगलं आहे. राजे, कर, जहाजं, सगळं नीट सांगितलंय. पण मीठ ओढणाऱ्यांच्या पायांना चिरा पडतात, ते नाही. लेखक अनवाणी मिठागरात उतरलाच नसावा. काल चार वाजता स्टुलाकडे बघून हे मोठ्याने म्हटलं. मग तिच्या बाजूने उलटं बोलून पाहिलं. जमेना. इतकी भांडले, पण ती पुढे काय म्हणेल हे मला आधी कधी कळलंच नाही. म्हणून तर वाट बघायचे...

पुस्तक परत केलं. स्टूल दाराशीच आहे. सून म्हणते, पायात येतं. येऊ दे. पहिल्यांदाच माझा शब्द शेवटचा राहिला. नको होता.