मोकळ्या जागेत ससा

मी पत्रकं लिहिते. कुणी सांगतं म्हणून नाही, राग येतो म्हणून. गुटख्याच्या पुड्यांवर लिहिलं, नाल्यातल्या प्लास्टिकवर लिहिलं, लग्नातल्या डीजेवर लिहिलं. तळोद्यातले ओळखीचे लोक मला लांबून बघितलं की दोन्ही हात खिशात घालतात, म्हणजे कागद घ्यायला हातच उरत नाही.

त्या पावसाळ्यात मी प्राण्यांवर लिहिलं. आठवडे बाजारात एक माणूस सायकलला पिंजरा लावून गुलाबी-हिरवी रंगवलेली कोंबडीची पिल्लं आणि पांढरे ससे विकायचा. ते बघून माझं डोकं फिरलं. घरी आले, ताटावरसुद्धा बसले नाही, एका दमात लिहून काढलं. शेवटची ओळ ठळक अक्षरांत: ‘पिंजरा म्हणजे कैद. दार उघडा!’ ही ओळ मला फार आवडली होती. आज ती दिसली की कानशिलं तापतात.

गावात हे पत्रक शेवटपर्यंत वाचणारं एकच माणूस निघालं. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, तिथल्या काकी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथेच. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि माझ्याशी सगळ्याची भेळ. त्यांचं पर्युषण चालू होतं. दर वर्षी त्या दिवसांत त्या एखादा जीव सोडवतात. कसायाच्या दारातून बोकड सोडवून पांजरपोळात पाठवतात. या वर्षी माझा कागद हातात घेऊन बाजारात गेल्या आणि सायकलवाल्याचे दोन्ही ससे घेऊन आल्या.

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. नकाशात तिचं नाव बगीचा, प्रत्यक्षात गाजरगवत. काकींनी टोपली तिथे ठेवली. बायका जमल्या, स्टेटससाठी मोबाईल निघाले.

“बेटा, तूच उघड,” काकी म्हणाल्या. “तुझंच लिहिलेलं आहे.”

मी उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. टाळ्यांनी ससे बिचकले. एक गाजरगवताकडे पळाला, आणि तिथे झोपलेली तीन कुत्री उठली. टाळ्या थांबायच्या आत सगळं संपलं होतं. दुसऱ्यावर मी ओढणीसकट पालथी पडले, म्हणून तो वाचला. तो व्हिडिओ कुणीच स्टेटसला ठेवला नाही.

काकी पाठ फिरवून गेल्या. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे घरोघर क्षमा मागत फिरल्या. आमच्याकडे आल्या, माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. थेट गॅलरीत गेल्या, सशासमोर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी कुणाचीच क्षमा मागितली नव्हती. पत्रकवाल्यांना ती सवय नसते.

ससा आता माझ्याकडे होता, आणि अर्थातच पिंजऱ्यात. आईने पिंजऱ्यावर बोट ठेवलं. “कैद शे ना पिंजरा? मंग हाई काय शे?”

“सुरक्षित निवारा,” मी म्हटलं.

“वं माय! लोखंड तेच, नाव नवं.”

महिनाभर तो निवाऱ्यात बसून राहिला. मग एक दिवस उठताना त्याचे मागचे पाय फरशीवर फाकले. मी त्याला कुशीत घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे धावले. डॉक्टरांचा जन्म म्हशींत गेलेला, पण माणूस सरळ. “सशाचं मला फार कळत नाही,” म्हणाले, एका मित्राला फोन लावून दहा मिनिटं बोलले आणि मग मला सांगितलं, “हाड शाबूत आहे. बसून बसून पायातली ताकद गेलीय. मातीवर पळू दे रोज, नाहीतर पाय जातील. गळ्यात दोरी बांधू नको. उडी मारली आणि हिसका बसला तर मान जाईल. छातीला पट्टा लाव, तोही आधी आठ दिवस घरातच.”

आईने जुन्या गोधडीच्या तुकड्याचं जाकीट शिवलं, त्याला माझ्या शाळेच्या दप्तराचा पट्टा लावला. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत, एवढं सैल. सगळं नीट झालं. फक्त आठ दिवसांचा धीर माझ्यात नव्हता. तिसऱ्या सकाळी मी त्याला मोकळ्या जागेत नेलं. तो जमिनीला चिकटून बसला, कान पाठीला, अंग दगडासारखं.

“बघा, किती शांत आहे!” मी जमलेल्या लोकांना सांगितलं.

“शांत नही शे तो,” आई म्हणाली. “घाबरी गया.”

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक जण ओरडला, “आते म्हैसले बी जाकीट शिवीसन दे, ताई!” लोक पोट धरून हसले. मी सशाला उचलून घरी आले.

मग मात्र आठ दिवस पूर्ण केले. नवव्या दिवशी मोकळ्या जागेत तो चालला; आई कुत्री हाकलत बाजूला उभी. एक गोष्ट तेव्हा कळली: सशाला फिरवता येत नाही. ससा फिरतो, आपण दोरी सैल धरून मागे लोंबकळायचं. त्याला गवत हवं तर गवत, त्याला नुसतं बसायचं तर आपणही बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी मागे गप्प चालत होते.

पण दोरीला बांधलेला ससा तुरुतुरु चालतो, पळत नाही. पाय फाकायचे ते फाकतच होते. म्हणून मी जाळी आणून घडीचं कुंपण केलं. ससे उकरतात, म्हणून जाळी खालून आत वळवली. समोरच्या टॉवरवर शिकरा पक्षी टपून बसतो, म्हणून वरून नेट टाकलं. सकाळी अर्धा तास लावायचं, ऊन चढायच्या आत काढून न्यायचं. एक खिळासुद्धा जमिनीत नाही.

तिसऱ्या सकाळी कॉलनी समितीचे अध्यक्ष आले. निवृत्त साहेब. मागे चार-पाच प्रेक्षक.

“ताई, हे अतिक्रमण आहे.”

त्याच मोकळ्या जागेत साहेबांच्या गाडीची पत्र्याची शेड उभी आहे. शेडपुढे तुळशीवृंदावन बांधलंय, म्हणजे पाडायला कुणाचा हात धजू नये. मी शेडकडे बोट दाखवलं. “आणि ते?”

“ते कायमचं आहे. तुमचं रोज लागतं, रोज निघतं. असल्या गोष्टीला परवानगी लागते.”

“म्हणजे मी सिमेंट ओतलं तर चालेल?”

साहेबांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. माझंच पत्रक! तळोद्यात कुणी ते जपून ठेवलंय हे बघून क्षणभर मला आनंद झाला, हेही कबूल करते.

“‘पिंजरा म्हणजे कैद. दार उघडा!’” साहेबांनी खड्या आवाजात वाचलं. “आम्ही म्हणत नाही, तुम्हीच म्हणता. उघडा मग दार.”

प्रेक्षक हसले. माझ्याकडे कुणाच्याही वाक्याला उत्तर असतं. माझ्या स्वतःच्या वाक्याला नव्हतं. मी खाली बसून जाळीच्या तारा सोडायला लागले. ससा आत कोपऱ्यात बसला होता. जाळी गेली की पुन्हा गॅलरी, आणि मग पाय.

“रुक,” मागून आवाज आला. काकी. हाताला दुकानातलं पीठ तसंच. त्यांनी साहेबांच्या हातातून कागद घेतला.

“साहेब, तुम्ही हे मोठ्याने वाचलं. मी मनात वाचलं आणि तसं केलं. माझ्या हातून एक जीव गेला. हिने लिहिलं, मी केलं. आता दुसरा जाणार नाही. जाळी राहील.”

“वहिनी, नियम म्हणजे...”

“तुमच्या बगीच्यात नको. माझ्या मागच्या अंगणात राहील. पापड वाळवायची जागा आहे, तिन्ही बाजूंनी भिंत.”

साहेबांचा चेहरा उजळला. “मग समितीची काही हरकत नाही.”

“हरकत विचारली कुणी?” काकी म्हणाल्या, आणि जाळीचं एक टोक त्यांनीच उचललं.

दुसऱ्या सकाळी काकींनी नेटची एकेक गाठ ओढून बघितली. अंगणाचं दार आतून लावलं, भिंतीला काठी उभी केली, पाटावर माळ घेऊन बसल्या. ससा दहा मिनिटं कोपऱ्यातून हलला नाही. मी त्याला बोलावलं, चुचकारलं, कोथिंबीर हलवली.

“बैठ जा,” काकी म्हणाल्या. “तू बोलायला लागलीस की तो कान पाडतो.”

मी बसले. तोंड मिटलं. बऱ्याच वेळाने ससा पुढे सरकला, जमीन हुंगली आणि पळाला. एक फेरी. दुसरी. वळणावर पाय घसरला, सावरला. मग एकदम हवेत उडाला, अंगाला पीळ देऊन मागचे दोन्ही पाय आडवे झटकले आणि चारही पायांवर खाली आला. काकींची माळ बोटातच थांबली.

माझे हात आपोआप वर गेले. काकींनी मनगट धरलं.

“टाळ्या नको.”

मी हात मांडीवर ठेवले. ससा तिसऱ्या फेरीला निघाला.