गिरिधर प्रॉम्प्टरचे चोवीस शब्द

पडदा वर जातो. हुडकेश्वरच्या नव्या लेआउटमधल्या घराची बैठकीची खोली. भर दुपार, खिडकीत कूलर घरघरतो आहे. डावीकडे खुंटीवर पिवळं हेल्मेट. ते डोक्यावर घालून मौद्याच्या वीज प्लांटवर जाणारा ऋषी फाल्गुनात कावीळ वाढून गेला. मधोमध टेबल, त्यावर ऋषीचा लॅपटॉप आणि त्याला वायरने जोडलेली पेनड्राइव्हएवढी एक डबी. समोर ताठ बसलेला म्हातारा म्हणजे ऋषीचा बाप, माझा गिरिधर. हा प्रवेश मी पाहिलेला नाही. त्याच्या सुनेने, सोनिकाने सांगितला आणि पुढे त्यानेही.

गिरिधर आमचा प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत आम्ही रोज नव्या गावात नाटक करायचो आणि तालमीला वेळ नसायचा. नट उभा राहायचा तो विंगेतल्या गिरिधरच्या भरवशावर. डावा हात तोंडाशी धरून तो असा कुजबुजायचा की शब्द आपल्यालाच आठवला असं वाटावं. "नटानं मागायच्या आधी देल्ला पायजे," तो म्हणायचा. "मागितल्यावर देल्ला तं पब्लिकले समजते." मला मिळालेल्या टाळ्यांतल्या निम्म्या त्याच्या होत्या. मी घेतल्या, तो अंधारात बसून राहिला.

ऋषीने काही वर्षांत थोडे थोडे बिटकॉइन घेऊन ठेवले होते, मुलीच्या, मधुवंतीच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणासाठी. त्यांची किल्ली त्या डबीत. आणि डबी बिघडली, हरवली, तर दुसऱ्या डबीत तेच धन उघडणारे चोवीस इंग्रजी शब्द. दुखणं वाढल्यावर त्याने ते बापाकडून पाठ करून घेतले.

"कागदावर ठेवलं तं कोनी फोटो काढन, बाबा. तुमच्या डोक्यात ठेवा."

"इंग्रजी हाय ना गा. मले काय समजते?"

"संस्कृत नांदी पाठ होती, ते समजत होती काय?"

गिरिधर हसला होता. मग ऋषीने जोडण्याची रीत शिकवली. डबीसोबत आलेलीच वायर लावायची. पिन डबीवरच दाबायचा. पैसे पाठवताना लॅपटॉपवरचा पत्ता डबीच्या चिमुकल्या पडद्यावरच्या पत्त्याशी जुळवायचा, जुळला तरच बटन. "आन् हे शब्द कोनालेच नाही. लॅपटॉपलेही नाही. कोनी विचारलं तं पहिले विचारा, कोन विचारून राहिला."

मधुवंतीच्या प्रवेशाची तारीख जवळ आली, म्हणून त्या दुपारी डबी जोडली. डबीवर दिवा लागला, पण लॅपटॉप तिला ओळखेना. दोनदा काढली, दोनदा लावली. सोनिकाने नेटवर मदतीचा नंबर शोधला. सगळ्यात वर जो दिसला तो लावून फोन सासऱ्यांच्या हाती दिला आणि ती चहा ठेवायला आत गेली.

पलीकडचा आवाज मोठा अदबीचा. "सर, शब्द मला सांगायचे नाहीत हं. अजिबात नाही. ते माझ्या स्क्रीनवर आहेत. मी वाचतो, तुम्ही फक्त बरोबर म्हणा."

गिरिधरला बरं वाटलं. पोराची अट मोडत नव्हती.

"पहिला... सायकल."

"सायकल नाही गा. कॅनव्हास."

"हो हो, कॅनव्हास. चष्मा विसरलो, सर. दुसरा... दुसरा..."

"रिबन."

"रिबन. आणि मग... थांबा हं... मग..."

"मँगो."

इथे मी त्या माणसातल्या नटाला दाद देतो, शिव्या नंतर देतो. तो अडखळला असेल हुबेहूब आमच्यासारखा. आयुष्यभर ज्याने अडलेल्याला शब्द दिला, त्याला ती शांतता सोसवली नाही.

सोनिका कप घेऊन आली तर सासरे पुढे वाकलेले, डावा हात तोंडाशी, एका लयीत कुजबुजताहेत.

"मामाजी, कोनाले सांगून राहिले?"

त्याने बोट ओठांवर ठेवून तिला गप्प केलं. चालू प्रवेशात विंगेत बोलायचं नसतं. शेवटचा शब्द दिला, पलीकडून "थँक यू सर" आलं आणि फोन बंद झाला.

थोड्या वेळाने मधुवंती क्लासहून आली. टेबलाकडे पाहून म्हणाली, "आबा, हे तं माझ्या टॉर्चची वायर हाय. याच्यातून फक्त चार्जिंग होते." तिने बापाच्या कप्प्यातून डबीची खरी वायर काढली आणि लावली. लॅपटॉपने लगेच डबी ओळखली. गिरिधरने पिन दाबला. पडद्यावर शून्य उगवलं.

ठाण्यात तक्रार लिहून घेतली. गेलेलं परत बोलावता येत नाही, हेही तिथेच समजलं. फिजिओथेरपी राहिली, मधुवंती आता मानेवाडा रोडवर कपड्याच्या दुकानात काउंटरवर उभी असते. सोनिका सासऱ्यांना एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं तीच मला म्हणाली.

गिरिधरने मात्र शब्द देणं सोडलं. बोलता बोलता सोनिकाला एखादं नाव आठवेना, तर तो भिंतीकडे पाहत बसे. दारात कुणी शेजाऱ्याचं घर विचारलं, तर दार लावून घेई. दिवाळीनंतर तो खाटेला खिळला.

मी गेलो तेव्हा मला ओळखल्याची खूण नव्हती. मी उशाशी बसून आमच्या जुन्या नाटकातलं बापाचं भाषण सुरू केलं. त्यात एका जागी मी प्रत्येक प्रयोगात अडायचो आणि प्रत्येक प्रयोगात तो मला तारायचा. "पोरी, तुला द्यायला या बापाजवळ एकच गोष्ट उरली, ती म्हणजे माझं..." इथे मी मुद्दाम थांबलो.

सोनिका दारात उभी होती. कूलर बंद होता, खोलीत काही हलत नव्हतं. गिरिधरचा डावा हात चादरीवरून उठला, तोंडापर्यंत आला. ओठ हलले. मग हात हळूच खाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, त्यामुळे पुढचे शब्द त्याचे शेवटचे. हात खाली गेल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं,

"पहिले सांग गा, कोन विचारून राहिला?"