तारांखालचं घर

सबस्टेशनमध्ये मामांना सगळे 'फ्यूज' म्हणायचे, कारण ते पटकन उडायचे. आम्हा भाचरांवर मात्र कधी उडाले नाहीत. सुट्टीत आम्ही जमलो की दिवेलागणीला ते आम्हाला घरामागे उच्चदाबाच्या तारांखाली न्यायचे आणि एक सुटी ट्यूबलाइट हातात उभी धरायचे. वायर नाही, बटण नाही, तरी ट्यूब मंद उजळायची. मी इंजिनिअर झाले ती त्या उजेडापायी.

मामेभावाशी लग्न होऊन आलेल्या वहिनीलाही त्यांनी हौसेने तोच खेळ दाखवला. तिथेच फसलं. दिवस राहिले तसं तिने सांगून टाकलं, "बाळ या घरात राहणार नाही." दादाने शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. नात दीड महिन्याची झाली, तेव्हा मामांचा मला फोन आला, "तुझं ते मोजायचं यंत्र घेऊन ये. हिला आकडे दाखव."

मी गेले. बाळाला दादाजवळ ठेवून वहिनी आली होती; तिच्या देखत मामांच्या घरभर चुंबकीय क्षेत्र मोजलं. पाळण्याच्या जागी आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली. चालू मिक्सरजवळ त्याच्या वीसपट. मी ऐटीत तिच्याकडे पाहिलं.

"ताई, मिक्सर मी दोन मिनिटं लावते," ती म्हणाली. "पोर इथे दिवसरात्र असणार. काही होणारच नाही, असं लिहून द्याल?"

धोका सिद्ध झालेला नाही, एवढंच मला लिहून देता आलं असतं.

मामा आता उडणार, असं मला वाटलं. ते खुर्चीत टेकले.

"लाइनवर माणूस चढलेला असला," ते म्हणाले, "की त्याने उतरून परमिटचा कागद माझ्या हातात दिल्याशिवाय मी स्विच लावत नसे. साहेब फोनवर ओरडायचे, लाव रे, झालं असेल त्याचं! मी म्हणायचो, झालं की नाही ते तो सांगेल." मग वहिनीला, "तुला वाटेल तेव्हा सांग. नाही वाटलं तरी चालेल."

"बाबा, रागावलात?"

"रागावलोय तर! दीड महिन्यात पोरगी चारदा भेटली. थांब, चप्पल घालतो."

त्या दिवसापासून ते रोज सकाळी सायकलने तिकडे जाऊ लागले. वहिनीचं मत बदललं नाही, मामांनी पुन्हा विचारलं नाही. नातीला झोपवायचं काम त्यांच्याकडे आलं. तिच्या मुठीत त्यांचं बोट असायचं, म्हणून पेपर ते एकाच हाताने चाळायचे.