ह्यांच्या मोबाइलमधलं 'गिव्ह अप'

परवा सणसवाडीत आमच्या घरी एक भानगड उघडकीस आली. म्हणजे मला आधी भानगडच वाटली...

मी मुळात संशयी. त्यात आमचे हे आठवडाभर मोबाइल पालथा ठेवायला लागले. सोमवारपासून कंपनीत नवी नोकरी सुरू होणार आणि माणसाचं तोंड उतरलेलं! म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

ते अंघोळीला गेले तशी मी मोबाइल उघडला. शोधलेलं काय, तर 'गिव्ह अप' म्हणजे काय... एकदा नाही, पुन्हा पुन्हा तेच.

खाली अर्थ होते. सोडून देणे, नाद सोडणे, हार मानणे... ह्यांना साधी तंबाखू नाही, मग नाद कसला आणि कुणाचा?

पण 'हार मानणे' मी दोनदा वाचलं. किती दिवस घरी बसल्यावर कशीबशी ही नोकरी लागली होती. ती जॉइन व्हायच्या आधीच सोडतायत की काय... की आणखी काही वाईट मनात आहे?

बाहेर आले तसा मोबाइल समोर धरला आणि सरळ विचारलं. आधी चिडले, मग खाटेवर बसून सगळं सांगितलं.

इंटरव्ह्यूत साहेबांनी इंग्लिशमध्ये विचारलं होतं, शेती गिव्ह अप केली का म्हणून. ह्यांना फक्त 'फार्मिंग' कळलं, 'गिव्ह अप' तेवढं कानात राहिलं. 'यस सर' म्हणून मोकळे झाले, नोकरी पक्की झाली... आणि घरी येऊन अर्थ बघितल्यापासून झोप नाही.

"मी सोडली म्हणून सांगून आलो गं," म्हणाले. "सोडली कुठं... घेतली ना आपली. ह्याच कंपनीच्या गेटापाशी आपली विहीर हुती."

जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हाही हा माणूस एवढं बोलला नव्हता. मला रडूच आलं. तरी बजावलं, हे साहेबांना सांगायला जाऊ नका, हातची नोकरी जाईल.

ऐकतील तर शपथ! सोमवारी पहिल्याच दिवशी सांगून आले, मराठीत. मी इकडे दिवसभर देव पाण्यात घालून बसलेली.

साहेबांनी ऐकून घेतलं म्हणे. विहीर नेमकी कुठं होती ते विचारलं, आणि ह्यांनी पार्किंगमध्ये उभं राहून जागा दाखवली. नोकरी आहे.

साहेब एवढे बरे का वागले, याचा मला अजून संशय आहेच... पण त्या दिवशी आमचे हे जेवून आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. इतकी वर्षं ज्या घोरण्याला शिव्या घातल्या, ते मी पहिल्यांदाच शांतपणे ऐकत पडले.