बाकोबा आणि ब्लाऊजचा टक्स

सातपूरला मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहते, त्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मला भूमिती शिकवली. काकू स्वतः चौथीपर्यंतच शिकलेल्या.

मी सुरगाण्याकडची. नववीत शाळा सुटली, इथं कंपनीत पॅकिंगला लागले. आयटीआयला फिटर व्हायचं होतं, त्यासाठी दहावी हवी. बाहेरून फॉर्म भरला, भूमितीनं एकदा पाडलं. आता दुसऱ्यांदा बसणार होते.

एका सुट्टीच्या दुपारी मी मोठ्यानं घोकत होते, "बाकोबा कसोटी, बाकोबा कसोटी." काकूंचं मशिन थांबलं. पायडल नेहमीसारखं अडकलं असेल असं मला वाटलं.

"हा कोणता गं देव? म्हसोबा, खंडोबा ऐकलेत."

"देव नाही काकू. बाजू, कोन, बाजू. एवढं जुळलं की दोन त्रिकोण एकरूप."

"मग तसं म्हण ना. मला वाटलं नवस बोलतेस."

"तेवढंच राहिलंय आता."

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. समद्विभुज त्रिकोण, टोकापासून मधोमध खाली आलेली रेघ.

"हा तर टक्स आहे."

ब्लाऊजला आकार यावा म्हणून कापडाची छोटी घडी घालून शिवतात, तो टक्स. काकूंनी अस्तराच्या तुकड्यावर खडूनं तसाच त्रिकोण काढला आणि मधोमध दुमडला.

"हे दोन पाय?"

"सारखे."

"टोकाला?"

"कोन. घडीनं निम्मा निम्मा झालाय."

"आणि घडी कोणाची? ह्या बाजूची का त्या?"

मी घडीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हटलं, "दोघांची."

सामाईक बाजू. तोवर सामाईक म्हटलं की मला फक्त चाळीतला नळ आठवायचा.

काकूंनी खालच्या एका कोपऱ्यात टाचणी खुपसली. ती बरोबर दुसऱ्या कोपऱ्यातून निघाली. "बघ, कोनावर कोन. नसता बसला तर झोळ आला असता, अन् गिऱ्हाईकाची बोलणी मी खाल्ली असती."

पेपरात नेमकं तेच विचारलं होतं: समद्विभुज त्रिकोणाचे खालचे दोन कोन सारखे असतात, हे सिद्ध करा. मग ओढणीचा काठ धरून मी तो टेबलाखाली एकदा दुमडून पाहिला, आणि लिहीत गेले.

पास झाल्याचं सांगितलं तेव्हा काकू मान वर न करता म्हणाल्या, "बाकोबा पावला म्हणायचा."

त्यांच्या मशिनचं पायडल अजून अडकतं. दुरुस्तीवाल्याला बोलवू नका, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. फिटर झाले की ते मी माझ्या हातानं नीट करून देणार आहे.