रांजणांना नेसवलेली धोतरं

गोविंदकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी शास्त्रीबुवांच्या पाठशाळेत बसलो होतो. सरदारांच्या वाड्यातला गडी दारातूनच म्हणाला, "नारायणा, लवकर चल. तुझे काका गेले." हातातलं पोथीचं पान हातातच राहिलं... त्याला आता महिना होऊन गेला. परवा सोबत्यांनी विचारलं, काका होते तरी कसे? मला नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात अक्षर शिकलेला मी पहिलाच. काकांनी कसब्यातल्या त्या वाड्यात तीस वर्षं पिण्याचं पाणी भरलं आणि त्याच नोकरीच्या आधारावर मला पाठशाळेत धाडलं. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. पण पाण्याबद्दल त्यांनी जे दाखवलं ते आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही.

एकदा पर्वतीच्या तळ्यावर त्यांनी मला एक कोरडी पायरी दाखवली. "चैत्रात ही बुडालेली होती. आता वर आली. पाणी कुणी उपसलं?" मी पाठ केलेलं सांगितलं, "सूर्यानं." काका म्हणाले, "हो का? घागर घेऊन येतो वाटतं!" मग परतीच्या वाटेवर ते बोलतच राहिले. जे जे ओलं असतं ते हवेला पाणी देत असतं, इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही. तळं देतं, मुठा देते, झाडाचं पान देतं, घामेजलेली बैलाची पाठसुद्धा देते. ऊन आणि वारा असला की घाई होते. ते पाणी वर जातं, ढग होतात, कात्रजच्या डोंगरावर कोसळतात, तेच नळातून शहरातल्या हौदात येतं. "म्हणजे मी जन्मभर तेच पाणी भरतोय," असं म्हणून ते रस्त्यातच हसत सुटले. आणि खरी गंमत पुढे होती. पाणी उडून जातं तेव्हा ते उष्माही सोबत नेतं. म्हणून मातीचा रांजण पाझरतो आणि आतलं पाणी गार होतं. आषाढात हवेचं पोट आधीच भरलेलं असतं, म्हणून धोतरही वाळत नाही आणि रांजणही रुसतो.

हे सगळं ऐकूनही मी घोटाळा केलाच. वैशाखात सरदारांच्या नातवाची मुंज होती. रांजणांवर पांढरा खार फुटला होता. बाहेरगावची माणसं येणार, काकांचं काम देखणं दिसावं, म्हणून त्यांना न सांगता मी जवसाच्या तेलात गेरू खलला आणि बाराही रांजण रंगवून उन्हात वाळवले. काय झळकत होते! काकांनी रिकामे रांजण पाहिले, नुसता गेरू लावलाय असं समजून भरून ठेवले. मुंजीच्या आदल्या सकाळी त्यांनी एक घोट घेतला.

"पाणी आहे की आमटी?"

तेलानं मातीची सगळी भोकं बुजली होती. नवे रांजण आणावेत, तर कुंभारवाडा लग्नसराईनं रिकामा केलेला. तेवढ्यात कारभारी डोकावले. "गोविंदभट, उद्या दुपारी पाणी कोमट निघालं, तर परवापासून दुसरा पाणक्या बघू." तीस वर्षांची नोकरी माझ्या एका कुंचल्यानं घालवली होती. मी रडायचाच बाकी होतो.

काका तसेच हौदावर गेले, अंघोळ केली आणि रिवाजाप्रमाणे ओलेत्यानंच घागर घेऊन परतले. बोळात पश्चिमेचा वारा सुटला होता. ऐन वैशाखात त्यांच्या दंडावर काटा आला. ते थबकले. दंडाकडे बघितलं, मग रांजणांकडे... आणि ओरडले, "नारायणा, माझ्या अंगातून कुठं पाणी पाझरतंय? वाळतंय ते धोतर, आणि गारठतोय मी! अरे, नेसव त्यांना!"

मग काय धावपळ! काकूनं धुतलेली जुनी धोतरं, पंचे, पासोड्या, जे सापडलं ते भिजवून आम्ही बारा रांजणांना गुंडाळलं आणि वाऱ्याच्या बोळात ओळीनं मांडलं. कापड सुकू लागलं की पुन्हा शिंपडायचं. कारभारी बघतच राहिले. "हे काय मांडलंय?" काका म्हणाले, "मुंज आहे ना? यांनाही सोवळं नेसवलंय." दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या पंगतीत सरदारांनी भांडं तोंडाला लावलं. त्यांनी ते एका दमात संपवलं आणि पुन्हा पुढे केलं. रांजण कुणी रंगवले, हे काकांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आज मीच सांगतो आहे.

काका गेले त्या जागी दहा दिवस पणती आणि मातीच्या बोळक्यात पाणी ठेवलं होतं. रोज सकाळी पाणी थोडं उतरलेलं असायचं. चौथ्या दिवशी काकू म्हणाली, "बघ, हे येऊन पिऊन गेले." पाणी कुठं गेलं ते मला ठाऊक होतं. बोलावं की नाही, कळेना... शेवटी मी तिचा हात धरून बोळक्याला लावला.

"अगबाई, गार आहे की!"

मग मला थांबताच येईना. हवा, उष्मा, पाझरणारी माती, सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हात मात्र बोळक्यावरच होता. "म्हणजे तिकडे जाऊनही कामाला लागलेत," ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले आणि बोळकं जरासं खिडकीकडे, वाऱ्यात सरकवलं.