माझ्या नावावरचा खडक

मूर्खपणा आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. पस्तिशीत असताना मी सांगलीच्या बाजारातून दोन बादल्या जिवंत मांगूर मासे विकत घेतले आणि आमच्या मळ्यातल्या विहिरीत सोडले. खायला नव्हे हो, आम्ही जैन! जीवदया म्हणून. पाटीत तडफडणारे मासे बघून मला असा काही उमाळा आला, की बादल्या गुडघ्यांत धरून रिक्षानं मळा गाठला, साडीला वास लावून घेतला आणि एकेक मासा पाण्यात जाताना हात जोडले. ती पस्तिशीतली मी आज भेटले तर मला तीच बादली तिच्या डोक्यावर उपडी घालीन.

मांगूर म्हणजे राक्षस, हे त्या पुण्यवतीला कोण सांगणार? वर्षभरात त्यांनी विहिरीतले बारके मासे, बेडूक, कासवाची पिल्लं, सगळं फस्त केलं. आणि ती विहीर म्हणजे माझ्या धाकट्या दिराची, बापूची बुडी शिकायची शाळा होती.

दीड महिन्यापूर्वी बापू गेला. कुपवाडला त्याचं लेथचं छोटंसं वर्कशॉप. तिथंच, स्टुलावर बसल्या बसल्या... फोनवर माझा मुलगा “आई, बापूकाका...” एवढंच म्हणाला आणि मी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा बापू आठ वर्षांचा. नाक माझ्या पदराला पुसायचा. म्हणून त्याला मी कधी भाऊजी म्हटलंच नाही.

मोठा झाल्यावर दिवसभर लोकांच्या पंपाचे भाग कातायचा आणि उरल्या वेळात कॅमेऱ्यासाठी पाणबंद पेटी बनवायचा. जाड अॅक्रिलिक, रबरी रिंगा, बाहेरून दाबायची एक खुंटी. पहिल्या चार पेट्या गळल्या. पाचवी टिकली आणि त्यानं विहिरीच्या तळाशी बुडी मारून कासवाचा फोटो काढला. कासव असं बघत होतं, जणू न विचारता कुणी त्याच्या स्वयंपाकघरात शिरलंय. ते बघून मी तासभर हसले होते.

पुढच्या वर्षी तो पुन्हा बुडी मारून वर आला आणि ओलेत्यानंच पायरीवर बसला. “वैनी, इहिरीत काय सोडलंसा?”

मी फुशारकीनं सांगितलं. तो ओरडला नाही. म्हणाला, “पाणी गाळल्यावर गाळण्यातलं जीव आपण त्याच इहिरीत का नेऊन सोडतो, इचार केलाय कवा?”

सात वर्षांची असल्यापासून मी पाणी गाळत होते, गाळणं उलटं करून ते जीव पुन्हा त्यांच्याच पाण्यात सोडत होते. विचार मात्र एकदाही केला नव्हता. ज्याचं पाणी त्याला... एवढंच तर आमच्या रीतीत सांगितलं होतं. मी रडायला लागले. बापूच मला समजावत बसला. “रडू नगा. तुमाला दुसरा जीव देतो सांभाळायला.”

त्या दिवाळीनंतर तो मालवणला गेला. वासू नावाच्या होडीवाल्यानं त्याला समुद्रात नेलं. येताना बापूनं फोटो आणला, पोवळ्याचा खडक. जांभळा, पिवळा, बोटाबोटांनी वाढलेला, आणि त्या बोटांमधून लपंडाव खेळणारे मासे. मागे लिहिलं होतं, ‘वैनीचा खडक’. त्यानंतर दरवर्षी त्याच खडकाचा एक फोटो. मी ते ओळीनं भिंतीवर लावत गेले आणि आल्यागेल्याला माझी इस्टेट दाखवत गेले.

बापूचा एकच ध्यास होता, लोकांनी बघितलं की लोक जपतील. “जे दिसत न्हाई त्याची कुणाला दया येत न्हाई, वैनी.” पडदा आणि प्रोजेक्टर स्कूटरला बांधून तो गावोगाव जायचा. तासगावात बेदाण्याच्या व्यापाऱ्यांपुढं त्यानं फोटो दाखवले, तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. मागून एक जण म्हणाला, “बापू, ह्यातला चवीला कुठला भारी?” सगळे हसले. दुसरा म्हणाला, “गड्या, आपण कुठं, समुद्र कुठं!” बापूनं विचारलं, “मग आपली कृष्णा कुठं जाती? टाकीत?” लोक त्यालाही हसले. पाचगणीच्या शाळेत पोरांनी भरपूर टाळ्या वाजवल्या आणि जेवणाची घंटा झाल्यावर पळाली. बापू एकटाच वायर गुंडाळत राहिला.

आणि खाली समुद्राचं पाणी तापत होतं. पाणी तापलं की पोवळं रंग टाकतं, पांढरं पडतं, आणि पाणी तसंच राहिलं तर मरतं. त्याच्या फोटोंत दरवर्षी पांढरे खडक वाढत गेले. फाटक्या जाळ्यांत गुरफटलेले, ओळख न पटणारे. शेवटी शेवटी त्यानं पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला. म्हणाला, “वैनी, मी आता नुसतं मयताचं फोटो काढतोय.”

माझा खडक तेवढा टिकून होता. गेल्या तीन फोटोंत तर त्याचा रंग जास्तच खुललेला. “बघ, माझी पुण्याई!” मी बापूला डिवचलं. “पण जरा वाकडा दिसतोय का रं?”

“डावीकडनं काढलाय,” तो म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

आता ह्या वर्षीचा फोटो कोण आणणार? घरात बुडी मारणारं कुणी उरलं नाही. नातवाला विचारलं तर म्हणाला, “आज्जी, नेटवर ह्याच्यापेक्षा लय भारी फोटो मिळतात.” मिळत असतील. ते माझ्या खडकाचे नाहीत. दुसरं काही नको होतं मला. माझ्या हातून एक विहीर मेली होती, निदान हा एक खडक जगतोय, एवढं दरवर्षी डोळ्यांनी बघायचं होतं. परवा मीच मालवणच्या वासूला फोन लावला. “कॅमेऱ्याची पेटी एसटीनं पाठवते. एवढा फोटो तू काढशील का?” तो म्हणाला,

“काकी, तुमचो खडक तीन वर्सांमागेच मेलो. बापूंनी बघल्यानी, वर येऊन होडीत बसले. मगे माका म्हणाले, ‘जितो असा एखादो खडक दाखव रे, घराकडे वैनी वाट बघता.’ तो दुसरो पण ह्या वर्सा गेलो.”